उलट्या पिळाची तार

तारेचा पीळ उलटा होता, डावीकडे वळलेला, गंजून काळा पडलेला पण अजून घट्ट — आणि टोक आत दुमडलेलं, शेळीच्या कासेला टोचू नये म्हणून. बोनारिया गुडघ्यांवर बसली होती ती बसूनच राहिली. या डोंगरात तार अशी वळणारा डावखुरा माणूस एकच होता. बाब्बू. तिचा बाप.

हे कुंपण प्रोफेसर ओद्दोनेंचं. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी उतारावरचा हा तुकडा तारांनी बंद केला, तीन वर्षं आतली झाडं मोजली आणि लिहिलं, की शेळ्या नसल्या तरी झुडपं माजत नाहीत, तेव्हा शेळ्यांची इथे गरज नाही. तेवढ्यावर बंदी आली. बाब्बूनं सत्तर शेळ्या विकल्या आणि दूर तोरीनो शहरातल्या कारखान्यात रंगाच्या वाफा छातीत भरून घेत मेला. इकडे झुडपं माणसाच्या डोक्यावर गेली, आणि एका ऑगस्टात वणवा थेट चर्चच्या भिंतीपर्यंत आला. आता सरकारला शेळ्या परत हव्या होत्या, आणि जुनं संशोधन कुठे चुकलं ते शोधायचं काम बोनारियाकडे आलं होतं... आलं कसलं, तिनं मागून घेतलं होतं. त्यासाठीच तर शिकले मी. बरोबरीच्या मुली संसाराला लागल्या आणि मी पानं मोजत बसले, या एका दिवसासाठी.

म्हाताऱ्याला तिनं स्वतः फोन करून बोलावलं होतं, गोड आवाजात. त्याची चूक त्याच्याच कुंपणात उभं करून त्याला दाखवायची, त्याचा चेहरा उतरताना बघायचा आणि मग अहवालात त्याचं नाव घालायचं. सकाळी निघताना फिलुमेना मावशी दारातून म्हणाली होती, "हाताला धरून ने गं त्याला. वाटेत पडूबिडू देऊ नकोस. आधी सगळं ऐकू दे, मग पडू दे."

पण कुंपणाच्या आतली जंगली ऑलिव्हची झुडपं काही वेगळंच सांगत होती. बुडाशी प्रत्येकाची गच्च, बारीक पानांची उशी — शेळ्यांनी वर्षानुवर्षं शेंडे खुडले की होते तशी — आणि त्या उशीतून नंतर कधीतरी वर निघालेलं सरळ खोड. तिनं तीन खोडं कापली, वलयं मोजली. तिन्ही खोडं त्याच वर्षी सुटलेली, ज्या वर्षी बाब्बूनं कळप विकला. म्हणजे तोवर बाब्बू तार सोडून शेळ्या आत चारत होता आणि जाताना ती पुन्हा वळत होता. एकदोनदा नाही, सतत.

...आई परातीत पाणी घेऊन बाब्बूची मनगटं धुतेय, ओरखडेच ओरखडे, आणि तो हसतोय. काटे गं, काटे. आणि मग मला डोळा मारून: "माझं कुरण बंद करतो काय... प्रोफेसरचं गवत लई गोड आहे, बोनारिया." मी आठ वर्षांची. मीही हसले होते. शिक्षा झाल्यावर गुरुजींच्या खुर्चीला डिंक लावावा, तसा सूड होता तो, आणि त्या सुडानंच ओद्दोनेंची झुडपं खुजी ठेवली. बाब्बूनंच त्यांना ते वाक्य लिहायला लावलं. आपली बंदी त्यानं आपल्याच हातानं वळली, डावीकडे.

तिनं पक्कड काढली, तार तोडली आणि खिशात टाकली. कुणाला कळणार होतं? प्रोफेसरांचा निष्काळजीपणा, असं लिहिलं की झालं. गावाला हवं ते मिळेल, शेळ्या येतील, बाब्बू स्वच्छ राहील आणि या माणसाचं नाव मातीत जाईल. जाऊ दे. मला त्याचं वाईट वाटत नाही, मुळीच नाही.

खाली जीपच्या पायरीवर प्रोफेसर कडक पावावर चीज ठेवून खात बसले होते. त्यांनी अर्धा तुकडा तिच्यापुढे केला. तिनं घेतला नाही; वही उघडली.

"तुझ्या वडिलांचं चीज याहून चांगलं असायचं," ते म्हणाले. "एक सांगायचंय, म्हणूनच आलो. नाहीतर या वयात कोण चढतं. कुंपणाच्या आत मला दोनदा लेंड्या सापडल्या होत्या."

तिची पेन्सिल थांबली.

"त्याच्याच शेळ्या, दुसऱ्या कुणाच्या असणार? नोंद केली असती तर त्याचा चराईचा परवाना गेला असता. घरी तू लहान. म्हटलं, दोन खेपांनी काय बिघडतंय. वेचल्या आणि खिशात घातल्या." मग म्हणाले, "बिघडलं का गं?"

राग होता तसाच होता, पण तो कुणावर काढायचा ते सुचेना — या माणसावर, का त्या हसणाऱ्या डावखुऱ्यावर, का... पेन्सिल 'इतर नोंदी' या रकान्यावर टेकलेली. ओद्दोने तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, ती त्यांच्याकडे बघणार होती तसे. तिनं दुसरा हात खिशात घातला. बाब्बूनं आत दुमडलेलं टोक अजून दुमडलेलंच होतं. जिथे तिनं तोडली होती, तिथे तार टोचत होती. तिनं मूठ आवळली, आणि सोडली नाही.