लाल कड्याची काडतुसं

ऑर्विल सकाळपासून गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत होता. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून परत टेबलापर्यंत. दोनदा कॉफी ओतून घेतली, दोन्ही वेळा ती तशीच गार झाली. कारण एकच, फळीवरचा मार्गारिनचा जुना डबा रिकामा होता.

त्या डब्यावर त्यानंच मार्करनं ‘सहा’ असं लिहिलेलं. बार उडाला की काडतुसाची पितळी पुंगळी रिकामी हातात येते. तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी लावायची, की काडतूस पुन्हा तयार. पण दर बाराला पितळ ताणलं जातं आणि बुडाजवळ आतून झिजत जातं. म्हणून ऑर्विलचा चाळीस वर्षांचा नेम होता, सहा बार झाले की पुंगळी या डब्यात आणि तिथून भंगारात. डब्यात आठ पुंगळ्या होत्या. भंगाराच्या बादलीत त्याला एकही सापडेना.

कुठे गेल्या ते त्याला ठाऊक होतं, फक्त मान्य करवत नव्हतं. गेल्या आठवड्यात बावीस चांगल्या पुंगळ्या घासायच्या यंत्रात, अक्रोडाच्या भुश्यात फिरायला टाकल्या होत्या. त्यांच्यातच त्यानं हा डबा उपडा केला असणार. तीस बाहेर आल्या, सगळ्या एकसारख्या चकचकीत. त्यानं मोजल्यासुद्धा नाहीत. वीस भरून डबी मुलीला दिली आणि दहा बाजूला ठेवल्या.

मुलगी म्हणजे मारेन. सव्वीस वर्षं तिनं दर वसंतात डोंगरी मेंढ्याच्या शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नाव घातलं होतं आणि यंदा ते लागलं. मोंटानात हा परवाना जन्मात एकदा लागला तर लागतो, कित्येक जण वाट बघत म्हातारे होतात. दोन वाजता त्याला भेटून ती डोंगरकड्यांकडे निघणार होती. झिजलेली पुंगळी बंदुकीत फाटली तर गरम वायूचा झोत उलटा तोंडावर येतो. डोळा जायला तेवढा पुरतो.

घड्याळात साडेदहा झाले होते.

‘तपासल्या होत्यास ना रे?’ त्यानं स्वतःलाच विचारलं. तपासल्या होत्या. पेपरक्लिप वाकवून आत घालायची, टोक बुडाजवळ फिरवायचं, झिजेची खाच असेल तर ती बोटाला लागते. पण दोन-अडीच वर्षांपासून त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना काहीच लागत नव्हतं. डॉक्टरला सांगितलं नव्हतं, मुलीला तर नाहीच. तारेचा नुसता देखावा केला होता. लबाड म्हातारा! त्यानं स्वतःला मनातल्या मनात आणखी दोन कचकचीत शिव्या घातल्या.

मग त्यानं हॅकसॉ काढली आणि उरलेल्या दहाही पुंगळ्या एकेक करून उभ्या चिरल्या. हाताला दोनदा पातं लागलं. तीन पुंगळ्यांत आतल्या बाजूनं बुडाजवळ झिजेचं कडं स्पष्ट दिसत होतं. आठातल्या तीन इथं होत्या, म्हणजे पाच मारेनच्या डबीत.

सरळ फोन उचलायचा होता. पण फोन केला की सगळंच बाहेर येणार, बोटंसुद्धा. मग मुलगी हळूच म्हणणार, ‘बाबा, आता पुरे.’ ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्यानं दुसराच बेत केला. वीस नवी काडतुसं भरायची, ती आली की गुपचूप डबी बदलायची. तीन तास होते. मारेननं गेल्या दोन हंगामांत परत आणून दिलेल्या पुंगळ्यांचा डबा त्यानं ओतला आणि भिंग डोळ्याला लावलं.

आणि तो थांबला.

ऑर्विल काडतूस भरून झालं की टोपीभोवती लाल नेलपॉलिशचं बारीक कडं ओढायचा, ओल आत जाऊ नये म्हणून. पहिली बाटली इर्माची, त्याच्या बायकोची. ती गेल्यावरही तो तोच रंग आणत राहिला. बार उडाला तरी लाल रंग थोडा उरतोच. या पुंगळ्यांवर लालचा ठिपकाही नव्हता. एक उलटली, दहा उलटल्या, सगळ्या कोऱ्या. त्या त्याच्या काडतुसांच्या नव्हत्याच, दुकानातल्या होत्या. दोन वर्षं पोरगी दुकानातली काडतुसं उडवत होती आणि रिकाम्या पुंगळ्या त्याच्या हातात ठेवून ‘मस्त लागली हं, बाबा’ म्हणत होती.

फार लागलं त्याला. पण खोटं का बोला, सुटल्यासारखंही वाटलं. ती आपली काडतुसं वापरतच नाही, मग सांगायचं तरी काय? तिलाही समजणार नाही, आपल्यालाही मान खाली घालावी लागणार नाही. त्यानं भिंग ठेवलं. तरी पाय काही एका जागी ठरेनात.

दोनला पाच मिनिटं असताना पिकअप दारात आली.

“काय हो, उभेच? आशीर्वाद द्यायचाय की वजन करायचंय माझं?” मारेन खिडकीतूनच ओरडली.

“थर्मास घेतलास?”

“घेतला.”

“लोकरीचे मोजे?”

“बाबा, चव्वेचाळीस वर्षांची आहे मी.”

“म्हणून पायाला थंडी वाजत नाही होय? जा मग. सांभाळून जा.”

तो खिडकीशी वाकला. शेजारच्या सीटवर बंदूक होती. तिच्या दस्त्यावरच्या कातडी पट्ट्यात सहा काडतुसं बुडं वर करून खोचली होती. सहाच्या सहांवर लाल कडं.

“गाडी बंद कर,” ऑर्विल म्हणाला.

“काय झालं?”

“बंद कर म्हणतो ना! ही माझी आहेत. दिलेल्या विसातली पाच खराब आहेत. कुठली पाच ते मला माहीत नाही.” मग उरलेलंही तोंडातून निघालं. “बोटं मेलीत माझी, पोरी. तार फिरवतो, पण काही कळत नाही.”

मारेननं गाडी बंद केली.

“शर्टाची बटणं लागेनात तुमची, तेव्हाच कळलं मला,” ती म्हणाली. “दोन वर्षं दुकानातली वापरतेय.”

“बघितलं आजच. पुंगळ्या कोऱ्या आहेत सगळ्या.”

“मग इतका वेळ गप्प का बसलात?”

“तू का बसलीस?”

ती हसली, पण डोळे भरले होते. “हा मेंढा एकदाच मिळणार, बाबा. तो तुमच्या काडतुसानं पडावा असं वाटलं मला.”

“आणि डोळा गेला असता म्हणजे?”

तिनं पट्ट्यातली सहा काढून दिली, मग डबीतली चौदा. ऑर्विलनं ती खिशात घातली. तिनं कप्प्यातून दुकानातली डबी काढून पट्टा भरायला घेतला, तर त्यानं तिचा हात धरला.

“थांब. आत ये.”

टेबलावर त्यानं दुकानातली सहा काडतुसं बुडं वर करून उभी केली आणि नेलपॉलिशची बाटली उघडली. कुंचला त्याच्या बोटांत नीट बसेना. पहिलं कडं वेडंवाकडं गेलं, रंग पार काठापर्यंत पसरला. मारेननं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि उरलेली पाच दोघांनी मिळून ओढली.

“झालं?” तिनं विचारलं. “निघू?”

“सुकू तरी दे,” ऑर्विल म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच स्टूल ओढून खाली बसला.