कमान आणि पट्टा

दामाजीच्या मुलीचं, सरस्वतीचं लग्न झालं ते १९८८ साल. तिच्याच मांडवापायी दामाजीने ट्रॅक्टरवरची कमान उतरवली.

कमान मुळात जनाबाईच्या हट्टाने बसली होती. शहाडकडे एक ड्रायव्हर उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चेंगरला, ते ऐकल्यापासून दामाजीच्या बायकोला घास गोड लागत नव्हता. तिचा एकुलता मुलगा चंदू नाशिककडून आणलेल्या जुनाट ट्रॅक्टरवर दिवसभर मुरूम वाहायचा. शेवटी दामाजी डोंबिवलीला प्रभाकरकडे गेला. प्रभाकर ठाण्याच्या कारखान्यात फिटर, रविवारी घरामागे वेल्डिंग करायचा. त्याने सीटमागे जाड पाइपांची कमान बसवली, मोडीतल्या जीपचा पट्टा सीटला जोडला आणि दामाजीला बाजूला घेतलं.

"नीट ऐका, दामाजी. ट्रॅक्टर उलटला तर कमान त्याला तोलून धरते, आणि पट्टा माणसाला कमानीच्या आत ठेवतो. ही जोडी आहे. कधी कमान काढलीत, तर पट्टाही काढा. बांधलेल्या माणसाला उडी मारता येत नाही."

"होडीवर जन्म गेला माझा, प्रभाकरभाऊ. मना बांधाबांधी शिकवता?" दामाजी हसला.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. जनाबाईने मात्र चंदूला शपथ घातली, "पट्टा लावल्याबिगर चाक फिरवशील, तर माझं मेलं तोंड बघशील."

"आये, मी काय पाळण्यातला पोर हाय?" म्हणत चंदूने पट्टा लावला. त्यानंतर एक दिवस चुकवला नाही.

लग्नात सरस्वतीला ट्रॅक्टरवरून मिरवायचं ठरलं आणि कमान मांडवाच्या आडव्या बांबूला अडली. पाहुण्यांना विषयच मिळाला. "दामाजी, पोराला पिंजऱ्यात ठेवलाय? पेरू घालतोस का मिरची?" सगळा मांडव हसला. दामाजीने रागाने पान्हा आणला आणि बोल्ट सोडले.

"बाबा, पट्टापण काढू?" चंदूने विचारलं.

दामाजीला प्रभाकरचं बोलणं आठवलं. आठवलं नाही असं नाही. पण जनाबाई ओट्यावरून बघत होती, आणि भर मांडवात वाद नको होता. "राहू दे. आई ओरडेल. लग्न झालं की कमान परत लावू."

लग्न झालं. कमान अंगणात कुंपणाला टेकून राहिली. जाळी वाळत घालायला बरी पडली. पाऊस गेला, दिवाळी गेली. प्रभाकर एकदा मासळी न्यायला आला. जाळ्याखालची कमान त्याने ओळखली.

"मग पट्टा?"

"काढला ना," दामाजी म्हणाला आणि त्याच्या पिशवीत दोन बोयटे जास्त टाकले.

पुढच्या मे महिन्यात उधाणाने खारबांध फुटला. शेतात खाडीचं पाणी शिरलं. चंदू बांध बुजवायला मुरूम आणत होता, शेजारचा सुधीर मडगार्डवर बसला होता. भर दुपारी बांधाची कड मागच्या चाकाखाली खचली आणि ट्रॅक्टर कलंडायला लागला. अगदी सावकाश. सुधीरने उडी मारली, चिखलातूनच ओरडला, "चंदू, उडी मार रे!"

खाऱ्या हवेने पट्ट्याचं कुलूप गंजलं होतं, झटकन सुटत नव्हतं. दामाजी घमेलं घेऊन वीस पावलांवर उभा होता. त्याला मुलाचे दोन्ही हात कमरेपाशी झगडताना दिसले. मग ट्रॅक्टर पालथा झाला.

जनाबाई छाती पिटून एकच म्हणत होती, "मी बांधला त्याला. माझ्या शपथेनं बांधला."

दहाव्याला प्रभाकर आला. जनाबाईसमोर तो काही बोलला नाही. निघताना दामाजीला म्हणाला, "त्यांना तुम्ही सांगा. निदान तेवढं तरी करा."

दामाजीने मान हलवली. त्या दिवशी नाही सांगितलं, उद्या म्हणाला. उद्या बाजार होता. मग पाऊस आला. जनाबाई जेवताना मध्येच थांबायची, "त्यानं विचारलं असतं, आये सोडू का, तर मी नाय म्हटलं असतं का हो?" दामाजी खाली बघून काटे काढत बसायचा. कमान त्याने भंगारात घातली. जाळी दोरीवर वाळू लागली.

चंदू १९८९ च्या मे महिन्यात गेला. जनाबाई १९९६ च्या जानेवारीत गेली, मुलाला आपणच मारलं असं समजून.