नीमधौड्यामागची रेघ

आमच्या झरियात कोळशाचे थर खालून वर मोजतात. सगळ्यात खोल तो पहिला, वरचा अठरावा. परक्या माणसाला आमचा नकाशा उलटा धरल्यासारखा वाटतो. मला तो डोळे मिटले तरी सुलटा दिसतो, आणि म्हणूनच झोप लागत नाही. नकाशात काळा म्हणजे कोळसा, निळा म्हणजे पाणी भरलेले जुने बोगदे, लाल म्हणजे जमिनीखाली धुमसणारी आग. आमच्या सर्वे ऑफिसात लाल शाई सगळ्यांत आधी संपते.

संक्रांतीच्या आधी नीमधौड्याजवळची लाल रेघ पक्की करून द्या, असा हुकूम आला. रेघेच्या आत येईल त्याने घर सोडायचं आणि लांबच्या नव्या वसाहतीत जायचं. नीमधौडा म्हणजे खाणकामगारांच्या घरांची एकच लांब ओळ, आणि तिच्यातलं कडेचं घर माझ्या माईचं. मी साहेबांना सांगायला हवं होतं, की हे माझं घर, दुसऱ्या कुणाला पाठवा. नाही सांगितलं. दुसऱ्याच्या हातात पेन्सिल द्यायला जीव धजला नाही.

जुन्या नकाशात या ओळीखाली सगळा भरीव कोळसा दाखवला आहे. तो नकाशा खाणी खाजगी मालकांच्या होत्या तेव्हाचा. त्या काळी दाखवण्यापुरता बोगदा कागदावर चढायचा, बाकीचा मालकाच्या पोटात जायचा. माझे वडील या ओळीखालच्याच खाणीत राबले. ते सांगायचे, वरच्या जमिनीला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांबसुद्धा आम्ही पोखरले. मालकाने सांगितलं, आम्ही पोखरले. आपल्याच घराचे पाय आपण खाल्ले. हे सांगताना ते हसायचे, आणि मला त्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो.

मी आणि माझा कामातला जोडीदार मार्टिन तिर्की जीपमधून उतरलो तेव्हा सगळा धौडा टुसू परबाच्या, आमच्याकडच्या संक्रांतीच्या सणाच्या, तयारीत होता. बायका अंगणं लिंपत होत्या, भिंतींवर पांढरी माती फिरवत होत्या, घराघरातून तांदळाचा गोड पीठा तळल्याचा वास येत होता. माईचं अंगण आधीच लिंपून वाळलं होतं. इतकं गुळगुळीत, की मी दारातच थबकलो.

"माई, भेग कुठे गेली?"

"कसली भेग?"

"तुळशीपासून न्हाणीपर्यंतची. गेल्या वर्षी हात धरवत नव्हता तिच्यावर."

"भरून आली," माई म्हणाली. "जखम भरते, मग भेग भरणार नाही होय? बस आधी. पीठा खा. आल्यापासून उभाच आहेस, बुडाला विंचू चावलाय काय?"

"काकी, याला ऑफिसातली खुर्चीपण टोचते," तिर्की म्हणाला आणि त्याने माझ्या वाटणीचाही पीठा उचलला.

मला बसवत नव्हतं. मी तुळशीपासून न्हाणीपर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. तिर्कीने विषारी गॅसचं मीटर जमिनीलगत धरलं. काहीच दाखवेना. उष्णता मोजायची सळई भेगेत घालायची असते, पण भेगच नव्हती, म्हणून तो ती नुसतीच हातात फिरवत राहिला.

"दादा, लिहू? धूर नाही, वायू नाही."

"लिही."

"नक्की?"

"ऐकू येत नाही का तुला?"

"येतंय की. झाकली मूठ सव्वा लाखाची," तो पुटपुटला आणि त्याने लिहून घेतलं.

गेल्या खेपेला सबंध ओळीत माईच्या अंगणातली तेवढी एकच भेग सापडली होती. ती गेली म्हणजे ओळ निर्धोक. बाकीची अंगणंही आम्ही फिरून पाहिली, सगळी तशीच तुळतुळीत. परब आहे, बायका लिंपणारच, असं मी स्वतःला बजावलं. शेवटी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि धौड्याच्या मागून, बांबूच्या बेटाला वळसा घालून, पेन्सिलीने रेघ ओढली. कायद्याने बरोबर होती.

बातमी क्षणात पसरली. बंशी मामा म्हणून एक निवृत्त खाणकामगार आहेत, ते नकाशात डोकं घालून म्हणाले, "मागून गेली ना? पोरगा आपल्या मातीला जागला." कुणी मुढीचे मुरमुरे आणले, कुणी गूळ. माई दारात उभी राहून सगळ्यांकडे बघत होती. तिचा इतका हलका झालेला चेहरा मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला तिथून लवकर निघायचं होतं.

मी नकाशा गुंडाळत असताना शेजारची फूलमनी काकी आली. तिची सून झुमरी नुकतीच बाळंत झाली होती.

"बाबू, या वर्षी टुसूमायची कृपाच कृपा," ती म्हणाली. "तुझी रेघ मागून गेली, आणि माझ्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडीसुद्धा पेटवावी लागत नाही. परवापासून जमीन आपोआप ऊबदार झालीय. मायलेकरं कशी गाढ झोपलीत. सकाळपासून हलली नाहीत."

"सकाळपासून?"

"पोर दूधसुद्धा मागत नाही. भारी शहाणं आहे."

माई आणि फूलमनी काकीच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. मी धावलो. तिर्की माझ्यामागून मीटर घेऊन आला. बाळंतिणीची खोली, म्हणून खिडकीच्या फटीत कापडं कोंबलेली, दाराला गोधडी लावलेली. गोधडी बाजूला केली आणि मीटर किंचाळायला लागलं. तिर्कीने झुमरीला खांद्यावर टाकलं, मी पोराला उचललं. ते हाताला नुसतं लिबलिबीत लागत होतं, ओल्या फडक्यासारखं.

बाहेर खाटेवर ठेवलं. माईने त्याचे तळवे चोळायला सुरुवात केली. झुमरी एकदम उलटी करून शुद्धीवर आली आणि पोराला हाका मारू लागली. पोर गप्पच होतं. मी त्याच्या तोंडात फुंकर घालत होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो, की रड, रड ना मेल्या. मग त्याने बारीक ठसका दिला, आणि मग ते रडलं. फूलमनी काकी मटकन खाली बसली. आमचा ड्रायव्हर मायलेकरांना जीपमध्ये घालून इस्पितळाकडे गेला.

मग बंशी मामाच म्हणाले, "शेगडीचा धूर असणार. दरवर्षी कुणा ना कुणाला लागतो. तसंच लिही, बाबू."

"शेगडी पेटवलीच नव्हती, मामा."

"ते आम्हाला ठाऊक. कागदाला कुठे ठाऊक आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वाईट वाटून नव्हे, आशेने. ज्यांच्या कडेवर मी वाढलो तीच ही माणसं. नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर ही काय करणार, कुणाच्या दारात बसणार? आणि मी तरी काय तोंडाने सांगणार होतो? पेन्सिल कानावर होती. ती काढून रेघ पुसायची, एवढंच काम होतं. माझा हात वर जाईना.

माई माझ्याजवळ आली. "माझ्या अंगणातला धूर तिकडे गेला काय रे?" तिने हळू विचारलं.

"एक वाट बुजवली की तो दुसरी शोधतो. तुला ठाऊक आहे, माई. बाबा काय कमी वेळा बोलले होते?"

"मला वाटलं, परबापुरतं. तू येणार होतास मोजायला." तिने पदराने तोंड पुसलं. "तुला खोटं लिहायला लागू नये म्हणून लिंपलं. धूर दिसला नाही म्हणजे तुझं लिहिणं खरंच ना?"

मला तिचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा आला, कारण हा हिशेब मीही सकाळपासून मनात मांडून बसलो होतो.

ती आत गेली आणि वडिलांची कुदळ घेऊन आली. मी ती घ्यायला हात पुढे केला.

"सोड," माई म्हणाली. "लिंपलं मी, फोडणार मी."

दोन-तीन घावांत लिंपण उडालं. भेग आधीपेक्षा रुंद झाली होती. आतून आधी गरम वाफ आली, मग गंधकाचा वास, मग पिवळट धूर सरळ वर चढला आणि तुळस त्यात दिसेनाशी झाली. लोक मागे सरकले. फूलमनी काकी तेवढी सरकली नाही. ती धुराकडे बघत उभी राहिली, मग आपल्या घरात गेली. थोड्या वेळाने तिच्या अंगणातून पहारीचा आवाज आला.

"तिच्याकडेही होती?" मी विचारलं.

तिसऱ्या घरातून आवाज आला. मग त्याच्या पुढच्या. बायका एकेक करून आपापल्या अंगणात जात होत्या, आणि जिथे सकाळी हाताने माया करावी तसं सारवलं होतं तिथेच घाव घालत होत्या. बंशी मामाही आपल्या दाराकडे वळले. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धूर उठू लागला. तिर्की मीटर बंद करून उभा होता. मोजण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

मी नकाशा पुन्हा उलगडला. धुराने डोळ्यांना धार लागली होती, म्हणून बरं झालं, मी रडतोय हे कुणाला कळलं नाही. माई कुदळीवर रेलून खोकत होती. खोकला थांबल्यावर ती म्हणाली,

"काढ आता तुझी रेघ. आणि नीट काढ, आमच्यातलं कुणी बाहेर ठेवू नकोस."