सत्तावीस नंबरची सरकी

यादवी युद्धाच्या त्या हिवाळ्यात दुशांबेत दिवसाला दोन तास वीज असायची. बस बंद होत्या. अंजुरत मुअल्लिमा, म्हणजे अंजुरतबाई, रोज चालत कापूस संशोधन संस्थेत यायची, गोळीबार असला तर यायची नाही.

अकरा वर्षं ती पानाच्या खालच्या सालीवरची बारीक तोंडं बघत आली होती. प्रत्येक तोंडाला दोन पेशींचे ओठ. उजेड पडला की त्या पेशी पोटॅशियम आत ओढतात, पाण्याने फुगतात, तोंड उघडतं. हवा आत जाते आणि पान अन्न करतं. पाणी तुटलं की पोटॅशियम बाहेर पडतं, तोंड मिटतं. तिने तयार केलेल्या सत्तावीस नंबरच्या कापसाच्या वाणाची तोंडं इतरांच्या आधी मिटायची, तरी बोंडं भरायची. कशी, ते अजून कळलं नव्हतं.

फेब्रुवारीत तिने बियाण्याचं कपाट उघडलं. सत्तावीस नंबरच्या सरकीचे डबे रिकामे.

राखणदार शोदमोन, सगळ्यांचा अका, म्हणजे दादा, मागेच उभा होता. "मी नेलं," म्हातारा म्हणाला.

"उंदरांनी खाल्लं म्हणा ना, अका. खोटं तरी बोला!"

"तेल काढलं त्याचं. सून बाळंतीण आहे घरात. म्हटलं, सरकी ती सरकी."

"तळून खाल्लीत माझी अकरा वर्षं."

दुसऱ्या दिवशी शोदमोन घरची लोखंडी शेगडी पाठीवर घेऊन आला.

काचघरात सत्तावीस नंबरचं एकच झाड उरलं होतं, त्याला एकच हिरवं बोंड. दोघांनी ती कुंडी उबेसाठी प्रयोगशाळेच्या दक्षिणेच्या खिडकीत आणली. शोदमोनने आधी बाकं फोडून जाळली, मग घरची खाट.

"झोपता कुठे, अका?"

"जमिनीवर. पाठीला बरं असतं म्हणे."

बोंड पिकायला अजून महिना तरी हवा होता. अठरा दिवस निभावले. मग गल्ल्यांत तीन दिवस गोळ्या चालल्या, दोघांनाही घराबाहेर पडता आलं नाही.

चौथ्या दिवशी कुंडीतली माती गोठून दगड झाली होती. पानं काळी पडली होती, एक तेवढं हिरवट. अंजुरतने नखाने बोंड फोडलं. आत सरकी दुधासारखी पांढरी, मऊ, कच्चीच. तरी उबेने रुजेल म्हणून तिने ती ओल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधली.

मग, पेशी जिवंत असल्या तर तोंडं उघडतील म्हणून, त्या हिरवट पानाची साल सोलून पोटॅशियमच्या मिठाच्या पाण्यात सोडली, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे फिरवला. तासभर गेला.

"बघा हो अका, माझे डोळे शिणले. उघडतंय का एखादं?"

शोदमोनने बराच वेळ डोळा लावला. "मिटलेलीच आहेत, मुअल्लिमा."

"थांबू अजून."

ऊन सरकलं तसा तिने सूक्ष्मदर्शक पुढच्या खिडकीत नेला, मग त्याच्या पुढच्या. शेवटी खिडक्या संपल्या. वहीत तिने लिहिलं, 'उघडी : शून्य.'

बांधल्यापासून पाचव्या दिवशी पोटाशी बांधलेल्या फडक्याला कुबट वास येऊ लागला. तिने ते सोडलं नाही. आठव्या दिवशी शोदमोननेच तिच्या हातून ते काढून घेतलं, आणि ती लहान पोरीसारखी त्याच्या कोटाला धरून रडली.