टँकरची जोडी

नरहरी चुरींनी, म्हणजे तात्यांनी, चांदीचा टँकार्ड घरी आणला, त्या दिवशी शेजारची जमनामावशी दोन बादल्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली होती.

तिचं तरी काय चुकलं? मे महिना, बोईसरच्या चाळीत नळाला पाणी नाही, आणि हा माणूस जिना चढताना आनंदाने ओरडत येतोय, "टँकार्ड आणला, टँकार्ड!" मावशीने टँकर ऐकलं. तात्यांच्या हातात मात्र होता एक झाकणवाला, कानवाला, गलेलठ्ठ मग. मावशीने मगात डोकावून पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "एवढ्यात काय करू? उंदीर न्हाऊ घालू?"

हे सगळं मेघालीच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. पण घरात इतक्या वेळा सांगून झालेलं, की तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून चुऱ्यांच्या घरात त्या मगाचं नाव टँकरच.

मेघालीचे आजोबा, म्हणजे नरहरीतात्या, तारापूरच्या कारखान्यात फिटर होते. मूळचे केळव्याचे. इतर लोक सुट्टीच्या दिवशी वाडीत जायचे, नाहीतर मासे आणायला. तात्या लिलावाला जायचे. कुठे जुना पारशी बंगला रिकामा होतोय, कुठे एखादा क्लब बंद पडतोय, याचा त्यांना वासच यायचा. पगारातून चिमूट चिमूट बाजूला काढून त्यांनी काय काय जमवलं होतं! हंसाच्या मानेची गुलाबदाणी. पिसारा मिटलेला चांदीचा मोर. होडीच्या आकाराची मिठाची भांडी. आणि सगळ्यांच्या मधोमध, काचेच्या कपाटात, टँकर. विलायतेत त्यातून म्हणे बियर प्यायचे. तात्या ताक प्यायचे, तेही फक्त दिवाळीच्या पाडव्याला, आणि पिऊन झालं की मिशा पुसत म्हणायचे, "हा जोडीतला एक हाय. लिलाववाल्याने तवाच सांगितलं होतं. दुसरा कुठंतरी आपली वाट बघतोय."

आजी म्हणायची, "त्याचं लग्न लागेपर्यंत मी काय जगत नाय."

नाहीच जगली. आजी गेली आणि तात्यांचं विसरणं सुरू झालं. की ते आधीच सुरू होतं, आणि आजी ते पदराखाली झाकत होती, कोण जाणे. आधी चष्मा हरवायचा. मग वार हरवले. मग एकदा तात्यांनी हंसाच्या मानेची गुलाबदाणी घंटागाडीवाल्याच्या हातात ठेवली, "घे बाबा, लग्नात लागेल." तो बिचारा प्रामाणिक, दुपारी परत आणून दिली. नंतर एकदा त्यांनी चांदीच्या वाडग्यात दूध गॅसवर चढवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. स्वयंपाकघराच्या पडद्याचं टोक जळलं.

त्या दिवशी पप्पांनी ठरवलं. मेघालीचे पप्पा, शैलेश, तेही कारखान्यातच. मम्मी पालघरला दुकानात नोकरीला. दिवसभर तात्यांजवळ बाई ठेवायची तर पैसा हवा, आणि पैसा होता तो त्या काचेच्या कपाटात. तात्या दुपारचे झोपले असताना धीरजभाई नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी आला आणि सगळं गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला. विकून देतो म्हणाला, माल मुंबईला जाईल.

पप्पांनी कपाटाच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलं. तात्यांना सांगितलं, "पॉलिशला दिलंय सगळं."

रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन तात्या विचारायचे, "आलं काय रे पॉलिशहून?"

"उद्या येईल."

"बरं. घाई करू नको म्हणावं. घासून घासून नाक पुसून टाकतात मोराचं."

मेघाली त्या वेळी कपात डोकं घालून बसायची. पण गप्प बसणं हा काही तिचा स्वभाव नव्हता, निदान आता नव्हता! आठवीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज फुटायचा नाही. दहावीत मात्र वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आली, आणि तेव्हापासून तिला वाटायला लागलं, की आपण तोंड उघडलं की जग कान देतं. तिनं मनाशी पक्कं केलं होतं, तात्यांसाठी आपण काहीतरी करायचं. आणि नेमकी तिला जाहिरात दिसली, क्लासच्या भिंतीवर चिकटवलेली: जुन्या चांदीच्या व पितळी वस्तूंचा लिलाव, रविवार, पालघर.

आजी गेल्यापासून तात्या एकाही लिलावाला गेले नव्हते. विकत काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं! पप्पांची पहिली पाळी होती, मम्मी साखरपुड्याला केळव्याला गेली होती. मेघालीने तात्यांना इस्त्रीचा सदरा घातला, भांग पाडून दिला, आणि एसटीत खिडकीशी बसवलं.

"कुठं नेतेस गं मला?"

"लिलावाला!"

तात्या ताठ बसले. खरंच, असे ताठ, की जणू कोणीतरी आतून दिवा लावला.

लिलाव एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. आदल्या दिवशीचं लग्न अजून पुरतं उतरलं नव्हतं. स्टेजवर थर्माकोलची अर्धी नावं लटकत होती, आणि नवरानवरीच्या लाल कोचावर एकटा धीरजभाई बसला होता. मेघालीला आधी हसूच आलं. मग तिनं त्याच्या पुढ्यातल्या टेबलाकडे पाहिलं.

हंसाच्या मानेची गुलाबदाणी. मोर. होड्या.

तिनं तात्यांचा दंड धरला. माल मुंबईला गेलाच नव्हता. रविवारी केळव्याला मुंबईकर येतात, तेच इथं गिऱ्हाईक म्हणून बसले होते.

"तात्या, चला. बाहेर गोळा खाऊ. कालाखट्टा!"

"गोळा काय पळून जातोय? गप बस." तात्या थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले.

तिनं पप्पांना फोन लावला. पाळीवर असताना फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा असतो, वाजत राहिला. ती तात्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ओळखतील. आत्ता ओळखतील. एवढंच नको व्हायला, देवा, एवढंच नको.

तात्यांनी ओळखलं नाही. ते टेबलाकडे असे बघत होते, जसं आपण दुसऱ्याच्या गुटगुटीत बाळाकडे बघतो.

"मेघा, हे सगळं एकाच माणसाचं हाय बघ."

"क... कशावरून?"

"नजर दिसते ना. वरून चांदीचं पाणी दिलेली एक वस्तू नाय यात. एकेक निवडून, वाट बघून घेतलेली." मग त्यांचा आवाज खाली आला. "गेला असेल बिचारा."

"कोण?"

"ज्याचं हाय तो. असलं सामान माणूस जित्यापणी विकीत नाय गं. पोरांनी काढलं असेल." आणि त्यांनी टेबलाच्या दिशेने हात जोडले. देवाला जोडतात तसे नाही. दारावरून कोणाची तरी अंत्ययात्रा जाताना जोडतात तसे.

मेघालीने बोटं दातांखाली धरली.

एकेक वस्तू जात राहिली. गुलाबदाणी गेली तेव्हा तात्यांनी टाळ्या वाजवल्या. मोर गेला तेव्हा म्हणाले, "चांगल्या घरी पडू दे." मग धीरजभाईने गोणपाटातून शेवटची वस्तू काढली. "ये देखिए, विलायती टँकार्ड. झाकण के साथ."

तात्या उभेच राहिले.

"मेघा! जोडी! अगं, आपल्या टँकरची जोडी!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. तात्या पुढे जाऊन मगाभोवती फिरले. कानाच्या बाजूला पोचा होता. तो पोचा मेघालीला तोंडपाठ होता: सुक्या बोंबलांवर टपलेल्या मांजरीला आजीने हाताला लागेल ते फेकून मारलं होतं, मांजर वाचली आणि टँकर पोचला. तात्यांनी पोचा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघ, बघ! मार पण एकाच जागी बसलाय. जुळीच ही, दुसरं काय!"

बोली सुरू झाली. तात्यांनी हात वर केला. मागून एका बाईनेही केला; केसांवर गॉगल चढवलेली, केळव्याला रिसॉर्ट होतं तिचं. तात्यांनी पुन्हा हात वर केला. तिनेही. आकडा चढायला लागला, आणि तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता फक्त रुमाल आणि घरच्या पत्त्याचं कार्ड.

"काका, छोड़ दो," कोणीतरी म्हणालं.

"सोडतो काय? उभी हयात गेली शोधण्यात!"

मेघाली उठली. त्या बाईपर्यंत जाईस्तोवर तिनं मनात भाषण जुळवलं होतं, आदरणीयपासून. तोंड उघडल्यावर त्यातला एक शब्द येईना.

"मॅडम, ते त्यांचंच आहे," ती कशीबशी म्हणाली. "त्यांना माहीत नाही."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. त्यांचा हात अजून वरच होता, शाळेतल्या मुलासारखा. बाईने आपला हात हळूच मांडीवर ठेवला.

"मॅडम?" धीरजभाईने विचारलं.

"नको मला."

"एक बार. दो बार. तीन बार!"

पाळी सुटल्यावर पप्पांनी फोन पाहिला, मेघालीला उलटा लावला, आणि मोटारसायकलने तडक हॉलवर आले. तोवर मेघालीने धीरजभाईला सगळं सांगून टाकलं होतं. त्याने वहीतला टँकार्डचा आकडा खोडला. मग म्हणाला, "ले जाओ, बेटा. तुम्हारा ही है, इसमें मेरा कमिशन नहीं."

"शैलेश!" तात्यांनी लांबूनच मग उंच धरला. "लग्न ठरलं रे याचं!"

पप्पांनी हेल्मेट काढलंच नाही. काच वर करून म्हणाले, "वा, तात्या." मग मेघालीकडे वळले. ती ओरडा खायला तयार होती. पण ते एवढंच म्हणाले, "मला विचारायचंस गं एकदा." ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी पोचल्यावर तात्या चपला काढून थेट कपाटाकडे.

"तात्या, तो पॉलिशला—" पप्पा म्हणाले.

"ठाऊक हाय. हा ठेवतो, तो आला की शेजारी बसेल."

इथपर्यंत सगळं निभावलं होतं. मेघालीने श्वाससुद्धा सोडला होता.

तात्यांनी दार उघडलं. आतल्या फळीवर धूळ बसली होती, आणि धुळीत गोल गोल स्वच्छ जागा, जिथं जे उभं होतं तिथं. तात्यांनी मधल्या गोलावर मग ठेवला. तंतोतंत बसला. मग त्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, मग फिरवला आणि पोचा भिंतीकडे केला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून ते नेहमी तसंच करायचे. वर्षानुवर्षं.

हात तिथंच थांबला.

अंगठा पोच्यावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला.

"मेघा," ते हळू म्हणाले, "हा आपलाच."

तिनं कपाटाचं उघडं दार हाताने धरून ठेवलं.

"मग ते टेबलावरचं... तो माणूस... मीच का गं तो?"

तालुक्यात पहिली आलेल्या मुलीला तेव्हा काय सुचावं? खोटं तिच्या जिभेवर आलं होतं, चांगलं गुळगुळीत खोटं. पण तात्या तिच्याकडे इतके स्पष्ट बघत होते, कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं तसे. ती म्हणाली, "हो, तात्या."

तात्यांनी मान हलवली. मग पप्पांकडे पाहिलं. चिडून नाही.

"मला सांगायचं रे, शैलेश. इकायची तर इकायची. मी आलो असतो त्यांना पोचवायला."

पप्पा हेल्मेट हातात घेऊन भिंतीला टेकून उभे होते. ते तसेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. तात्या त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "असू दे, असू दे."

संध्याकाळी मम्मी आली, दिवे लागले, आणि तोवर तात्यांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं. लिलाव, तो हॉल, ती बाई, कपाट, काही नाही. मेघालीने मुद्दाम विचारून पाहिलं, "तात्या, आज आपण कुठे गेलो होतो?" त्यांना सांगता आलं नाही. तिला वाटलं, सुटलो. वाईट झालं, पण पुसलं तरी गेलं.

जेवायला बसले. मम्मीने साखरपुड्याचं गोड आणलं होतं. तात्यांनी ताटाला हात लावला नाही. भात निवत चालला. त्यांनी एकदा मम्मीकडे पाहिलं, एकदा पप्पांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, आणि मग मेघालीच्या कानाशी वाकून, लहान आवाजात, म्हणजे घरात सुतक असलं की बोलतात तशा आवाजात विचारलं, "आपल्याकडं कोण गेलं गं आज?"

मेघालीने त्यांचं ताट स्वतःकडे ओढलं. डाळभात कालवला, मऊ केला, आणि पहिला घास त्यांच्या तोंडाशी नेला. तात्यांनी तोंड उघडलं नाही. ते उत्तराची वाट बघत होते.