बिनआवाजाचं इंजिन

डॉक्टर दातांचे होते. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, अशा सुखात त्यांची हयात गेली. त्यामुळे आपल्याला कमी ऐकू येतं ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचायला जरा उशीर झाला, आणि पोहोचली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. लोकच हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं निदान होतं.

बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. पलीकडच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी तो नंबर मागणार की भांडणार, हे त्यांना कळायचं. असा कान घेऊन त्यांना घरात ऐकायला काय मिळायचं, तर "हो" आणि "बघू". ऐकू न आलेल्या वाक्यांसाठी डॉक्टरांनी ही दोनच उत्तरं ठेवली होती आणि ती ते आलटून पालटून वापरायचे. एकदा भाजी निवडता निवडता बाईंनी शांतपणे सांगितलं, की मी आज शेजारच्या शिंप्याबरोबर पळून जातेय. "बघू," डॉक्टर म्हणाले. खिडकीपलीकडे बसलेल्या शिंप्याने मात्र ते ऐकलं आणि बिचारा कितीतरी दिवस मान वर करेना.

बाईंची मागणी मोठी नव्हती. या माणसाने एकदा तरी "ऐकू आलं नाही, पुन्हा सांग" म्हणावं, एवढीच. त्या दिवसभर बोलायच्या आणि दिवसभर एकट्या असायच्या.

अशात गाडी आली. एका जुन्या पेशंटच्या अंगणात पडून होती. गोल पाठ, बटबटीत दिवे, मागच्या सीटवर कोंबड्यांनी थाटलेला संसार. दोघांनी ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून खोलली. डॉक्टरांच्या लेखी गंज म्हणजे कीड. आधी कोरायची, मग भरायची. पाना हवा असला की ते न बघता हात मागे करायचे आणि बाई त्यात नेमका तोच पाना ठेवायच्या. वायरींचं जंजाळ हा बाईंचा प्रांत. तिथे डॉक्टरांना प्रवेश नव्हता. सीटही त्यांनीच उसवून नव्या शिवल्या, आणि चांगला जाड कापूस भरला. संध्याकाळी दोघं उभ्या गाडीत शेजारी शेजारी बसून चहा प्यायची, जणू कुठेतरी निघालीच आहेत. शेडमध्ये बोलायची गरजच कमी पडायची, म्हणून तिथे त्यांचं झकास जमायचं.

इंजिन पहिल्यांदा लागलं तेव्हा डॉक्टर मान तिरकी करून उभे राहिले. चेहऱ्यावर तेज आलं.

"याला म्हणतात काम. आवाजच नाही."

आवाज होता. पत्र्यावर खडे पडावेत तसे इंजिनातले टॅपेट वाजत होते. बाईंनी तसं सांगितलं. डॉक्टर "हो" म्हणाले.

रविवारी लेक गाडी बघायला आली. बाबांना नीट ऐकू येत नसेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, असं तिने आईला फोनवर बजावलं होतं आणि आईने विषय बदलला होता. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगमागे बसले. किल्ली फिरवली. इंजिन लागलं. त्यांना वाटलं, नाही लागलं. बाईंनी सीट इतकी मऊ केली होती की थरथरसुद्धा त्यांच्यापर्यंत पोहोचेना. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. चालत्या इंजिनात स्टार्टर घुसला आणि अशी किंकाळी उठली की गल्लीतली दोन दारं उघडली. डॉक्टर तिसऱ्यांदा किल्लीकडे वळले.

लेकीने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. किंकाळी त्यांना ऐकू आली नव्हती. हे दोन चेहरे मात्र आले.

"हो," ते हळूच म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

खरं तर बाईंचा विजय झाला होता, पण तो त्यांना नकोसा वाटला. त्यांनी लेकीकडून किल्ली मागून घेतली, इंजिन लावलं, बॉनेट उघडलं आणि डॉक्टरांना हाताला धरून गाडीतून उतरवून तिथे आणलं. हातभर लांब पेचकसाचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलं आणि लाकडी मूठ डॉक्टरांच्या तोंडापुढे धरली.

"आ करा."

एवढं त्यांना ओठांवरून कळलं. त्यांनी मूठ दातांत पकडली. आणि जबड्याच्या हाडातून, सरळ डोक्यात, टक टक टक. डॉक्टरांचे डोळे मोठे झाले. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. लेकीने तोंड फिरवून उगाचच मागचा दिवा पुसला.

मग त्यांनी मूठ सोडली, इंजिन बंद केलं आणि किल्ली लेकीच्या हातात ठेवली. कान दाखवून आल्यावर परत मागेन, म्हणाले. बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "कधीपासून वाजतंय?"

"इंजिन का मी?"

डॉक्टर "हो" म्हणायला निघाले होते. ओठ तसे झालेही होते. पण थांबले.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं मला. पुन्हा सांग."

बाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. या वेळी पोहोचलं. डॉक्टरांनी त्यांच्या हातातला पेचकस घेऊन खाली ठेवला, हात फडक्याला पुसले.

"इंजिनाचं नंतर. आधी तुझं सांग."

आणि इतक्या वर्षांचं साठलेलं असूनही, कुठून सुरुवात करावी ते बाईंना पटकन सुचेना.