डोक्यावरून पाणी

तिने कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घेतला आणि बादलीत अजून एक मग गार पाणी ओतलं. खाटेच्या उशाशी मेणकापड अंथरून झालं होतं. त्याच्या दोन्ही कडा आत वळवून तिने पन्हळीसारखा आकार दिला आणि खालचं टोक रिकाम्या बादलीत सोडलं. मग म्हातारीचं डोकं एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने उशी काढली आणि मानेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाची नुसती मान हलली तरी कळ कमरेपर्यंत जाते.

"पंखा बंद कर गं जरा," ती म्हणाली.

समोरच्या खाटेवरची सलाईनची बाटली बदलून तिची जोडीदारीण बटणाकडे निघाली आणि वाटेत थबकली. तिच्या धावपळीमुळे सगळा वॉर्ड तिला घाईसिस्टर म्हणायचा.

"अगंबाई, हे केस आहेत की पायपुसणं? कात्री चालव आणि मोकळी हो. उद्या ऑपरेशन आहे, डॉक्टर काय तिचा भांग बघणार आहेत?"

"कापायचे नाहीत."

"का? तुझी कोण लागते ती?"

तिने कापसाचे बोळे म्हातारीच्या कानांत अलगद बसवले.

लागत होती. ही म्हातारी एके काळी तिची सासू होती. सकाळी ड्यूटीवर आल्या आल्या तिने तिला ओळखलं होतं. म्हातारीने मात्र मास्क लावलेल्या परिचारिकेकडे पाहून "सिस्टर, घोटभर पाणी" एवढंच म्हटलं होतं. ही खाट दुसऱ्या कुणाला द्या, असं हेडसिस्टरना सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. त्या घरात तिच्या हातचं काहीच कधी धड झालं नव्हतं. चहा पाणचट, धुणं मळकट, चालणं दाणदाण. आता त्याच हातांत ही बाई लाकडासारखी पडून होती. हे बघायला आपल्याला बरं वाटतंय की काय, या विचाराने तिला सकाळपासून स्वतःचीच शिसारी आली होती.

तिने घडी घातलेलं कोरडं फडकं म्हातारीच्या डोळ्यांवर ठेवलं.

"आजी, आता पाणी घालते हं. आधी कपाळाकडून. गरम वाटलं तर लगेच सांगा."

कपाळावर तळहात आडवा धरून तिने पहिला मग ओतला. पाणी मागे वाहिलं आणि मेणकापडावरून गढूळ होऊन बादलीत पडू लागलं. म्हातारीचा जबडा हळूहळू सैलावला. तिने बोटांच्या पेरांनी शाम्पू चोळला, नखं लागू न देता, आधी कपाळावरचे, मग कानशिलांवरचे केस. नंतर मागच्या गुंत्याला हात घातला.

म्हातारी एकदम आक्रसली. तिचा हात झटक्यात वर आला आणि डोक्यावर आडवा पडला. मार चुकवायला धरतात तसा.

"ओढत नाही, आजी. केस मुळाशी घट्ट धरलेत मी. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

हात सावकाश खाली गेला. तिने गुंता टोकाकडून सोडवायला घेतला. दोन-तीन बटा मोकळ्या झाल्या, आणि त्यांच्याखाली, डाव्या कानाच्या मागे, बोटांना नुसती कातडी लागली. तिने केस बाजूला सारले. तळहाताएवढी जागा उघडी होती. मधला भाग जुना, गुळगुळीत. कडेला मात्र लाल ठिपके होते आणि एका जागी ताजी खपली.

पडल्यावर टेंगूळ येतं, कातडी फुटते. पडल्याने केस मुळासकट निघत नाहीत. त्यासाठी कुणीतरी ते मुठीला गुंडाळून हिसडावे लागतात. समोर उभा राहून, उजव्या हाताने. हे तिला शिकवायला कुणाची गरज नव्हती.

"आजी, हे कशाने झालं?"

"न्हाणीघरात पडले. साबण होता खाली."

पाण्याचा मग तिच्या हातात तसाच राहिला. शेजारणीने एकदा जिन्यात थांबवून विचारलं होतं, तेव्हा तिनेही हेच सांगितलं होतं. अगदी साबणासकट.

तिने फेस धुवायला घेतला. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं, कुणाचा तरी फोन वाजून थांबला. पाणी संपत आलं तेव्हा फडक्याखालून म्हातारी हळूच बोलली.

"तू गेलीस, तेव्हा मला वाटलं, आता तो निवळेल."

बादलीत पाणी थेंबथेंब पडत होतं.

"कधी ओळखलंत?"

"सकाळीच. आवाजावरून. निवळलाही होता थोडे दिवस. मग परत सुरू झालं. भाजी अळणी झाली, किल्ली सापडेना, काहीही पुरतं त्याला."

बाहेरच्या खोलीत नवरा तिच्यावर हात उचलायचा, तेव्हा ही बाई स्वयंपाकघरात रेडिओचा आवाज मोठा करायची. आता कळलं का, असं विचारायला तिची जीभ शिवशिवली. फडक्याखाली डोळे झाकलेली, मान मागे टाकलेली म्हातारी जणू त्याचीच वाट बघत होती.

तिने शेवटचा मग ओतला. केसांच्या टोकांना स्वच्छ पाणी येईपर्यंत ओतला.

"कुणाला सांगू नकोस," म्हातारी म्हणाली. "या वयात मी जाऊ कुठे? आणि तो एकुलता एक."

"मी सांगणार आहे."

"सांगितलंस तर मी नाही म्हणेन."

"म्हणा."

तिने टॉवेल दाबून दाबून केस टिपले, कानांतला कापूस काढला, मेणकापड गुंडाळलं. उशी पुन्हा ठेवताना दोघींची नजर भेटली. दोघींनीही ती काढून घेतली.

म्हातारी शब्दाला जागली. हेडसिस्टर खाटेपाशी आल्या, वाकून जखम पाहिली आणि विचारलं, तर ती ठणकावून म्हणाली, "पडले हो. साबण होता. ही पोर उगाच राईचा पर्वत करतेय."

हेडसिस्टरनी परिचारिकेला औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"पेशंटच नाही म्हणतेय, मग मी कशाच्या जोरावर पुढे जाऊ? डॉक्टर पहिलं हेच विचारतील, की तुला एवढी खात्री कशी?"

ती कपाटाला टेकून उभी राहिली. मग डोक्यातल्या पिना काढू लागली. एकेक करून टेबलावर ठेवल्या, अंबाडा सोडला आणि मान खाली घालून डाव्या कानामागचे केस वर धरले.

हेडसिस्टरनी चष्मा नाकावर ओढला. दोघी कित्येक वर्षं एकाच टेबलावर डबा खात होत्या.

"कधीचं हे?"

"लग्नातलं," ती म्हणाली. "याच आजींच्या मुलाने दिलेलं. आहेर म्हणायचा."

हेडसिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास हातात दिला आणि फोन उचलला. आधी डॉक्टरांशी बोलल्या, मग समाजसेवा विभागाशी. तिथल्या बाई उद्या सकाळी येणार होत्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "दुपारी भेटायची वेळ आहे. पेशंटला कुणाला भेटायचं नसेल, तर आपण त्याला आत सोडत नाही, मग तो कोणी का असेना. पण तसं तिने स्वतः म्हटलं पाहिजे. तू म्हणून चालायचं नाही."

"ती नाही म्हणणार."

"मग नाही. तुला घरी जायचं असेल तर जा. मी आहे."

ती गेली नाही. अंबाडा पुन्हा घालून वॉर्डात आली. बराच वेळ खिडकीतून ऊन म्हातारीच्या उशीवर पडलं होतं. तिने कंगवा घेऊन राहिलेला गुंता सोडवला. म्हातारी डोळे मिटून पडून राहिली, या वेळी हात वर आला नाही.

वेळ झाली तशी दाराशी माणसं जमली. त्यांच्यातून एक आवाज वर आला, मोकळा, गोड, वॉचमनशी हसून बोलणारा. "काय साहेब, आमच्या मातोश्री फार त्रास देत नाहीत ना?" तिने कंगवा खाली ठेवला आणि खाटेचा लोखंडी दांडा धरला.

वॉचमन आत आला. "चार नंबरच्या आजींचा मुलगा आलाय. पाठवू?"

हेडसिस्टर टेबलामागून उठून खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. "आजी, तुमचा मुलगा आलाय. आत बोलवू का?"

म्हातारीने दाराकडे पाहिलं. खाटेवरून तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. तो कुणाला तरी संत्री कुठून आणली ते सांगत होता. तिचे ओठ हलले आणि थांबले. घाईसिस्टरसुद्धा हातात ट्रे घेऊन जागच्या जागी उभी होती.

"आज नको," म्हातारी म्हणाली. "केस ओले आहेत माझे."

हेडसिस्टरनी परिचारिकेकडे पाहिलं. तिने वाकून उशीवर पसरलेल्या केसांत हात घातला. ते केव्हाच वाळले होते, उन्हाने चांगले ऊबदार झाले होते.

"हो," ती म्हणाली. "ओलेच आहेत अजून."